अडीच हजार बदल्या

सलूनमध्ये केस कापून झाले की मानेवरून पावडरचा ब्रश फिरतो, मग मागे छोटा आरसा धरला जातो, आपण मान डावी-उजवीकडे करून 'ठीक आहे' म्हणतो आणि खुर्चीतून उतरतो. मागचं काही कळत नसतं, पण म्हणायचं. नागपूरच्या गोकुळपेठेतल्या ज्या सलूनमध्ये मी पंधरा वर्षं जातो, तिथे हा आरसा मला दाखवणं कधी बंद झालं ते सांगता येणार नाही. एका रविवारी ध्यानात आलं, एवढंच. शेजारच्या खुर्चीतल्या कॉलेजच्या पोराला तो तीन कोनांतून दाखवला, आणि माझं आटोपलं तेव्हा सलूनवाल्या भाऊंनी सरळ अंगावरचं कापड काढून झटकलं. झटकून खाली पडलं तेही चिमूटभरच.

घरी आल्या आल्या बायकोचा हातातला आरसा घेतला, बाथरूमच्या आरशाकडे पाठ केली आणि दोन्हींचा मेळ बसवला. या कसरतीत मान जी धरली ती दोन दिवस सुटली नाही. पण दिसायचं ते दिसलं. पुढून कपाळ वाढत चाललंय हे ठाऊक होतं. ते मी बुद्धिमत्तेच्या खात्यात जमा करत आलो होतो. माथ्यावर मात्र, बरोबर मध्यभागी, फुलक्याएवढा गोल. कपाळ आणि फुलका यांच्यामध्ये केसांची एक अरुंद पट्टी तेवढी उरली होती, तलावाच्या पाळीसारखी. वय वर्षं ३९.

आईने निदान करायला वेळ लावला नाही. "माह्या भावाचे केस पाय, सत्तरीतही भांग पाडते तो. हे तुह्या बाबांकडचं आहे." बाबांनी पेपरातून मान वर न करता स्वतःच्या गुळगुळीत टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मले तर काही त्रास नाही त्याचा." पुढे डॉक्टरांनी मला सांगितलं की टकलाशी संबंधित एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे मुलाला ते आईकडूनच मिळतं; बाकीची दोन्ही घरांतून येतात. ही माहिती मी घरी आणली नाही. रात्रीचा स्वयंपाक आई करते.

तर आईने कांद्याचा रस सुरू केला. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून बाहेर पडायची आमच्याकडे रीत आहे. त्यामुळे एप्रिलच्या मध्यात मी खिशात एक आणि डोक्यावर दोन कांदे घेऊन कार्यालयात जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी रोखपालांनी लांबूनच विचारलं, "भाऊ, डब्यात झुणका आहे काय आज?" कांदा गेला, मग माका, जास्वंद आणि कढीपत्ता उकळलेलं तेल आलं. उशीचे अभ्रे हिरवे झाले. डोक्यावर फरक नाही.

खरं म्हणजे वर्षातले तीन महिने तरी टकल्या माणसाला राहायला नागपूरसारखं गाव नाही. पारा पंचेचाळीसकडे सरकला की अख्खं शहर डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतं. डोळे तेवढे उघडे. सिग्नलच्या हिरव्या जाळीखाली पन्नास गाड्या उभ्या असतात, त्यांत कोणाला केस आहेत अन् कोणाला नाहीत हे ब्रह्मदेवालाही कळू नये. गुढीपाडव्याला बांधलेला दुपट्टा मी मृगापर्यंत सोडत नाही. मग पहिला पाऊस येतो, लोक गच्चीवर नाचतात आणि माझं पितळ उघडं पडतं. ओले झालेले उरलेसुरले केस एकमेकांना धरून एका बाजूला सरकतात, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चासारखे, आणि पोलिसांनी अडवावं तसे कानाजवळ येऊन थांबतात.

घामाची वेगळी कथा. सावजी मटण खाताना घाम सगळ्यांनाच फुटतो. पण केसवाल्याचा घाम आतल्या आत मुरतो. माझा माथ्यावर दाणेदार उभा राहतो, थोडा वेळ विचार करतो आणि मग एकदम कानामागे धाव घेतो. यजमान भारी खूश. साळ्याने एकदा भरल्या पंगतीत माझ्या टाळूकडे बोट दाखवून बायकोला हाक मारली होती, "ये इकडं, पाय, जमली आज तर्री!"

जुलैत मी हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करायला गुपचूप रामदासपेठ गाठली. तिथे इमारतीपेक्षा डॉक्टरांच्या पाट्या जास्त. ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथे आधी एक समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी पेनाएवढा कॅमेरा माझ्या डोक्यावरून फिरवला आणि समोरच्या पडद्यावर माझी टाळू कितीतरी पट मोठी होऊन अवतरली. मे महिन्यातलं कस्तुरचंद पार्कचं मैदान. मग कॅमेरा मागे गेला आणि पडदा काळाभोर झाला. मला वाटलं वीज गेली. "सर, हा तुमचा डोनर एरिया, केस इथूनच घेतात. मस्त आहे," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही भागाला मस्त म्हणणारी ती पहिली व्यक्ती.

मग त्यांनी एक तक्ता पुढे केला. हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने १९५१ मध्ये पुरुषांच्या टकलाची प्रतवारी लावली आणि नॉरवुड नावाच्या डॉक्टरने १९७५ मध्ये ती सुधारली, असं कळलं. एकूण सात पायऱ्या. बाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "तुम्ही फोरमध्ये आहात." पंधरा वर्षं मी वर्ग तीनमध्ये काढली, आणि इथे तीन मिनिटांत चतुर्थ श्रेणी.

मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. बदल्यांचे आदेश माझ्या टेबलावरून निघतात. गेली अकरा वर्षं स्वतःची बदली मी कशी टाळली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो मी निवृत्तीनंतर लिहीन.

डॉक्टर मात्र भला माणूस निघाला. त्याने कागदावर डोक्याचं चित्र काढून समजावलं. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. पुढच्या आणि माथ्यावरच्या मुळांना ते बाधतं. ती दर खेपेला आणखी बारीक केस काढत जातात आणि एक दिवस काढेनाशी होतात. मागच्या आणि कानांवरच्या मुळांना त्याचं सोयरसुतक नाही. आणि गंमत अशी की मागचं मूळ उचलून पुढे लावलं तरी ते मागच्यासारखंच वागतं. न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइक नावाच्या डॉक्टरने १९५०च्या दशकात हे दाखवून दिलं आणि तिथून हा धंदा उभा राहिला.

"म्हणजे नवीन केस येत नाहीत?" मी विचारलं.

"एकही नाही. आहेत तेच मागून पुढे. तुमची अडीच हजार मुळं."

"म्हणजे बदली."

डॉक्टर हसला. मला हसू येईना. कारण तोवर माझ्या डोळ्यांसमोर ती मागची मंडळी उभी राहिली होती. काय सुखाची जागा! ऊन नाही, वारा नाही, कोणी बघत नाही, काही काम नाही. असं टेबल मिळावं म्हणून आमच्याकडे लोक मंत्रालयापर्यंत वशिले लावतात. त्यांतल्या अडीच हजार जणांना, एकही तक्रार अर्ज नसताना, उचलून पुढच्या उजाड मुलखात पाठवायचं, आणि आदेशावर सही कोणाची? माझी. ज्याने गडचिरोलीचं नाव ऐकताच तीन दिवसांचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणलं होतं, त्याची.

प्रक्रिया ऐकली तेव्हा तर सगळं ओळखीचंच वाटायला लागलं. मागचे केस आधी बारीक भादरायचे. भूल डोक्यापुरतीच. मग मिलिमीटरभर तोंडाच्या पंचने एकेक मूळ गोल कापून काढायचं, थंड द्रावणात ठेवायचं, पुढे बारीक छिद्र पाडून त्यात रोवायचं. दिवसभराचं काम. अशा एका मुळाला ग्राफ्ट म्हणतात, त्यात एकापासून चारपर्यंत केस असतात. कोणी सडाफटिंग, कोणी सहकुटुंब. आणि एवढं करून नव्या जागी रुजू झालेले केस काही आठवड्यांत गळून पडतात!

"घाबरायचं नाही," डॉक्टर म्हणाला, "मूळ शाबूत असतं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा यायला लागतात. पुरता निकाल दिसायला वर्ष जातं."

बदलीच्या गावी रुजू होऊन लगेच दीर्घ रजेवर जाणारे मी खूप पाहिलेत. ते आपणहून परत येतात, ही बातमी मला नवी होती.

पुढचे जे मूळ रहिवासी अजून टिकून आहेत त्यांचं गळणं या बदल्यांनी थांबत नाही. त्यांच्यासाठी औषधं, आणि ती थांबवली की राखलेलं पुन्हा जातं. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. ते सुरू केलं की काही जणांचे आधी जास्तच गळतात, हीसुद्धा सूचना मिळाली. पोटात घ्यायचं फिनास्टेराइड प्रोस्टेटचं. तिथे पाच मिलिग्रॅम, इथे एक. बाबांच्या उशाशी रक्तदाब आणि प्रोस्टेट, दोन्हींच्या डब्या आहेत. म्हणजे बाबांचं म्हातारपण मी हप्त्यांवर घ्यायला निघालो होतो. गोळीसोबतचं पत्रक बायकोने वाचलं, पुरुषांच्या दुष्परिणामांपाशी थांबली, पुन्हा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "डॉक्टरले नीट विचारून घ्या हं." त्यानंतर तिने विषय बदलून कूलरच्या ताट्यांवर नेला.

एक बरं केलं, जाण्याआधी थोडं वाचून गेलो होतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नुसतं कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं लिहिलं आहे. मी स्वतः परिपत्रकं लिहितो. कोणीतरी तसं केल्याशिवाय असं वाक्य परिपत्रकात येत नाही. म्हणून डॉक्टर आत येण्याआधी भिंतीवरच्या सगळ्या पदव्या मी उभ्याने वाचून काढल्या, फ्रेममधल्या शिक्क्यांसकट.

हिशोब घरी झाला. एका ग्राफ्टचे पस्तीस रुपये. अडीच हजारांचे ८७,५००. त्यावर अठरा टक्के जीएसटी, १५,७५०. एकूण १,०३,२५०. आजारावरच्या उपचाराला जीएसटी माफ असतो, पण त्या माफीतून हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलेलं आहे. मोडलेला पाय हे दुखणं आणि गेलेले केस ही चैन, असं सरकारी धोरण. सरकारनेच केसाने गळा कापला तर सरकारी नोकराने कोणाकडे दाद मागायची? बायकोने मोबाइलवरचा आकडा माझ्याकडे वळवला. "एवढ्यात दोन्ही खोल्यांमध्ये एसी लागते. डोकं तरी थंड राहीन."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल भागात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो. दरवर्षी जातो. पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे, ढोल, मुंगीला शिरायला जागा नाही. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" लोक घसा फाडून ओरडत होते. जे काही नको असेल ते तिच्याबरोबर गावाबाहेर पाठवायचं, कोणी महागाई देतं, कोणी भ्रष्टाचार. मीही दोन्ही बाजूंना बघून हळूच म्हणून घेतलं, "केसगळती घेऊन जा गे मारबत." शेजारी टोपी घातलेले एक काका होते, त्यांचा कान तिखट. त्यांनी टोपी उचलली. खाली कानापासून कानापर्यंत लख्ख. "माही तिनं नेली नं मागंच," ते म्हणाले, "तवापासून गळतीच बंद."

संमतिपत्राचा कागद बॅगेत घेऊन त्या रविवारी मी सलूनमध्ये बसलो. भाऊंनी सवयीने मशीन मानेला लावली. "मागून बारीक करू नं साहेब?"

"थांबा भाऊ. मागचे जरा जपून." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. डोनर एरिया, पंच, अडीच हजार. मशीन बंद झाली. शेजारच्या खुर्चीतलं दाढीचं काम थांबलं.

"म्हणजे मागचे उपटून समोर लावणार?"

"उपटून नाही, काढून."

"अन् मागं काय?"

"मागचं विरळ झालेलं दिसत नाही म्हणतात."

"कोणाले दिसत नाही?" भाऊ एकदम दुखावल्यासारखे बोलले. "मागं तर मीच असतो नं, साहेब."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा वर्षं ज्यांच्या केसालाही धक्का लागला नाही ते सगळे तिथे, त्यांच्या हाताखाली होते. पुढच्यांना ते नुसते सावरत आले. मेहनत होती ती मागेच.

"भाऊ, आरसा दाखवा बरं मागून. तुम्ही दाखवायचंच सोडलं."

"मी कायले सोडन? तुम्हीच म्हणाले होते."

"मी?"

"लॉकडाउन उठल्यावर पहिल्यांदा आले नं, तेव्हा. म्हणाले, भाऊ, आता ते दाखवत नका जाऊ."

मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. पण शब्द माझेच वाटत होते. भाऊंनी खालचा ड्रॉवर उघडला, तुटक्या कंगव्यांच्या आणि वस्तऱ्याच्या पानांच्या डब्यांखालून आरसा काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि माझ्या मागे धरला. फुलका मोठा झाला होता, तो मी सोडून दिला. त्याच्या खाली ती मंडळी बसली होती. दाट, काळी, नीट कापलेली, एका रेषेत मानेवर उतरलेली. सगळी निवांत. उजव्या कानामागे एक पांढरा केस तेवढा उठून दिसत होता.

भाऊंनाही तो दिसला. त्यांनी बारीक कात्री उचलली. "काढून टाकू काय?"

"राहू द्या," मी म्हटलं. "पस्तीस रुपयांचा आहे तो. जीएसटी वेगळा."