कंपायलरचा बग म्हणे!

आज परत एका सी प्रोग्रामरची तीच तक्रार, कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरबद्दल: "कंपायलरने माझा इफ खाल्ला." खाल्ला नाही हो, फेकला, फेकण्याच्याच लायकीचा होता! आधी इंटची (पूर्णांकाची) बेरीज करायची, मग ओव्हरफ्लो झाला का, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला का, ते बघायचं: इफ (क्ष + १०० < क्ष). अरे, ३२ बिटच्या इंटची साइन्ड (अधिक-उणे चिन्हाची) बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की तिथेच अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. ओव्हरफ्लो होतच नाही असं धरून चालायची कंपायलरला मुभा आहे, आणि तसं धरलं की ही अट कधीच खरी होत नाही. क्लँग कंपायलरने ओ-टूला (कोड वेगवान करणाऱ्या ऑप्टिमायझेशनच्या सेटिंगला) ती उडवली तर त्याने कुणाचं काय घोडं मारलं? वर ऐकवायचं, "ऑप्टिमायझेशनशिवायच्या डिबग बिल्डमध्ये तर चालतं!" "प्रोसेसर तर आकडा गुंडाळून उणे टोकाला नेतोच ना?" गुंडाळू दे! तुम्ही सी लिहिताय, असेंब्ली नाही. आणि सी++२० ने टूज कॉम्प्लिमेंट (उणे आकडे साठवायची पद्धत) सक्तीचं केलं म्हणून नाचू नका, साइन्ड ओव्हरफ्लो तिथेही अनडिफाइन्डच.

बेरजेच्या आधी तपासा ना: क्ष > इंट मॅक्स (इंटचा सर्वात मोठा आकडा) - १००. सी२३ मध्ये तर ओव्हरफ्लो झाला का ते सांगणारं सीकेडी ॲड आलंय. अनडिफाइन्ड बिहेवियर पकडणारं यूबीसॅन लावा, ओळ नंबरासकट सांगेल. पण नाही! उपाय काय, तर ओ-झीरो लावून (ऑप्टिमायझेशन बंद करून) प्रॉडक्शनला पाठवायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि ते व्होलाटाइलवाले! दोन थ्रेडमधला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधला) फ्लॅग, त्याला व्होलाटाइल हा शब्द चिकटवला, झालं म्हणे सिंक्रोनायझेशन. त्या कामासाठीचं ॲटॉमिक २०११ पासून भाषेत आहे, २०११! इंटेल प्रोसेसरवर निभावतं, आर्मवर आपटतं, की दोष कंपायलरचा. फ्लोटचा पत्ता इंट पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचणारेही याच पंगतीतले, तेही अनडिफाइन्डच. मेमकॉपीने बाइट उतरवून घ्या की, ऑप्टिमायझर चार बाइटसाठी फंक्शन कॉलसुद्धा ठेवत नाही.

बरं, २००९ मध्ये लिनक्सच्या टन या नेटवर्क ड्रायव्हरचंही हेच झालं होतं. पॉइंटर आधी वापरला, नल (रिकामा) आहे का ते नंतर विचारलं, जीसीसी कंपायलरने ती तपासणीच काढून टाकली. भल्याभल्यांची ही गत, तर मी कुणावर एवढा बोंबलतोय? स्टँडर्डमधली कलमं तोंडपाठ असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत कुणालाच शेजारी नको असतो, कळतं मला.

तरी "मध्ये प्रिंटएफ (छापायची ओळ) टाकला की बग जातो, म्हणजे ऑप्टिमायझरच खराब" म्हणणाऱ्याला यापुढे उत्तर देणार नाही. बरं, देईन. पण यूबीसॅनचं आउटपुट बघितल्याशिवाय नाही.