मेव्हण्याचे ६० हजार

रविवारी सकाळी दिन्या पेढे घेऊन आला आणि कट्ट्यावर भांडण लागलं. तसं आम्हाला भांडायला पेढे लागतात असं नाही. पतसंस्थेचं कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला त्याने खिशातून काढला आणि आधी माझ्या हातात दिला. त्या कर्जाला जामीन मी होतो.

जागा नेहमीचीच, नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळची टपरी. बँकेतून रिटायर झालेले अण्णा, शाळेतले सर, बंड्या, दिवसातून चाळीसदा शेअरचं ॲप उघडणारा छोटू, आणि मी. दिन्या अंबडला कंपनीत, सीएनसी मशीनवर.

"म्हणजे घराचं सोडून सगळं निल?" सरांनी विचारलं.

"सगळं. आधी मेव्हण्याचे ६० हजार दिले, मग क्रेडिट कार्ड, मग हे."

अण्णांचा ग्लास ओठांपाशीच थांबला. "मेव्हण्याचे आधी? व्याज किती घेत होता?"

"व्याज कसलं? हातउसने होते."

"अरे मग बिनव्याजी पैसे आधी फेडतं का कोणी!"

अण्णांनी बंड्याच्या हातातला पेपर ओढला आणि कडेच्या कोऱ्या जागेत आकडे मांडायला घेतले. कार्डावर १,४०,००० थकलेले. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ४,९०० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ८८२. "झाले ५,७८२. तू भरत होतास किती?"

"सात हजार."

"म्हणजे सातातले बाराशे कर्जात गेले, बाकी धूर. आणि हातात बुलेटचे पैसे आलेले असताना ते तू मेव्हण्याला नेऊन दिलेस!"

बुलेट ८५ हजारांना गेली होती. त्यातले ६० मेव्हण्याला, २५ कार्डाला. कार्ड पूर्ण मिटायला पुढे तीन महिने लागले. ते ६० हजारही कार्डात गेले असते तर तीन महिन्यांत साडेसात हजार वाचले असते, असा अण्णांचा हिशोब. हिशोब चोख होता. मीही मान डोलावली. माझं दुखणं मात्र वेगळं होतं. माझ्या मते पहिला नंबर पतसंस्थेचा लागायला हवा होता. चार हप्ते थकल्यावर जामीनदार म्हणून नोटीस माझ्या घरी आली, आणि ती नेमकी बायकोने उघडली. पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दिन्याला तेव्हा काही बोललो नाही. रविवारी बोलून घेतलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं दोघांचं बरोबर आहे. पण ते ठरवलं मी नाही, हिने."

गोष्ट २०२३च्या भाऊबीजेची. हे तिघे सिन्नरला, वहिनीच्या माहेरी. तिने भावाला ओवाळलं, त्याने ताटात पाचशेची नोट टाकली. भावजय एक शब्द बोलली नाही. तिने नोटेकडे बघितलं, मग वहिनीच्या नव्या साडीकडे, आणि आत जाऊन शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आली. बस, एवढंच. पण परत येताना वहिनी बुलेटवर मागे बसून तासभर गप्प. घरी आल्यावर पोरगी झोपली तेव्हा म्हणाली, "एकूण किती आहे, ते आज खरं सांगा."

"आणि खरं सांगतो," दिन्या म्हणाला, "मलाच माहीत नव्हतं. कार्डाचं ती चाळीस समजत होती. पतसंस्थेचं तर तिला ठाऊकच नव्हतं. रात्री दीडला बेरीज केली तेव्हा घराचं सोडून चार लाख निघाले."

बेरीज मांडली कालनिर्णयच्या एका पानाच्या पाठीवर. पुढच्या बाजूला तारखांच्या चौकटीत दुधाचे खाडे लिहिलेले, मागे कर्ज. तिची अट एकच होती. आधी माझ्या भावाचे, मग तुम्ही म्हणाल त्याचे. त्यानंतर पुढच्या महिन्यापासून ती पिको-फॉलची कामं घेऊ लागली, ह्याने रविवारचा ओव्हरटाइम धरला, कारण त्याला डबल पगार. आणि बुलेट विकायचं तिने नाही, त्याने स्वतः काढलं.

"साडेसात हजारांची भाऊबीज पडली म्हणायची," अण्णा पुटपुटले. त्यांना ते पटलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पटायची गरजही नव्हती. मला मात्र त्या डब्यापाशी अडकायला झालं. ज्या बाईने तोवर कुठल्या हप्त्याचं तोंड बघितलं नव्हतं, ती रात्री दीडपर्यंत बेरजा करत बसली ती कार्डाच्या टक्क्यामुळे नाही बसली. तिला अण्णांचा तक्ता दाखवला असता तर ती म्हणाली असती, तुमचं कर्ज, तुम्ही बघा.

तेवढ्यात बंड्या पेटला. "ते सगळं ठीक आहे भो, पण बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या ना शेवटी? आपल्याला नाही जमणार. बाईचं सोनं म्हणजे..."

"म्हणजे काय?" अण्णा आता दिन्याच्या बाजूने. हा त्यांचाच सल्ला होता. उरलेल्या कार्डाची रक्कम सोनेतारण काढून एकरकमी भरायची. "कार्डाचा वर्षाचा दर काढ, ४२ टक्के. सोनेतारणाला बँक घेते नऊ-दहा. पाटल्या कपाटात बसून तुला काय व्याज देत होत्या?"

"मग मोडायच्या तरी. गहाण कशाला? दोन्हीकडून मेलं माणूस."

"मोडल्या असत्या तर आज रडला असतास. तेव्हा तोळा साठ-बासष्ट हजारांच्या घरात होता. आज दुपटीच्या वर आहे."

बंड्या गप्प बसेना. सोन्याचा भाव वाढणार हे अण्णांना तेव्हा माहीत होतं का, असा त्याचा मुद्दा, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण दिन्याने मध्येच सांगितलं की पाटल्यांचं ती स्वतःच म्हणाली. मंगळसूत्राला हात लावायचा नाही, बाकी घ्या. आणि ह्या दिवाळीला सोडवूनही आणल्या. यावर बंड्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याने दुसरा पेढा घेतला.

छोटूला आता घराच्या कर्जात हात घालायचा होता. "दादा, घराचं फेडायच्या मागे लागू नको. ते पैसे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाक. बारा टक्के सुटतात."

"बारा टक्के तुला कोणी लिहून दिलेत?" अण्णा. "ह्याच्या घराचं काय झालं ते ऐक आधी."

ते मी ऐकलेलं होतं, तरी दर वेळी पोटात गोळा येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ३० लाख, २० वर्षं, सात टक्के. हप्ता २३,२५९. तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, चार टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोचला. त्याच्याबरोबर दिन्याचं कर्ज साडेनऊ टक्क्यांवर गेलं. हप्ता मात्र तेवढाच राहिला, म्हणून हा निर्धास्त. मग एकदा स्टेटमेंट उघडलं तर २३ हजारांतले साडेबावीस व्याजात आणि मुद्दलात जेमतेम पाचशे-सहाशे. अठरा वर्षं उरलेलं कर्ज तीस वर्षांच्याही पुढे सरकलेलं. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती. मुदत वाढवायची की हप्ता, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. दिन्याने मग हप्ता चार हजारांनी वाढवून घेतला, आणि २०२५ मध्ये दर उतरले तरी तो खाली आणला नाही. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही, तेव्हा बोनसही आता तिकडेच जाणार.

छोटू म्हणाला, "तरी पण कंपाउंडिंग..." अण्णा म्हणाले, "कंपाउंडिंग बँकेलाही कळतं बाळा." तो विषय तिथेच संपला.

खरी गरमागरमी झाली ती पोरीवरून. पोरगी चौथीत. घरातलं सगळं तिला माहीत आहे, किती दिले, किती उरले. कालनिर्णयवर काट मारायचं काम तिचंच. सरांना हे अजिबात मान्य नाही.

"लहान पोरांच्या डोक्यावर कर्ज नाही ठेवायचं. वर्गात येऊन बोलतात, मग इतर पोरं चिडवतात. तीस वर्षं बघतोय."

"मी पण नाहीच सांगितलं होतं आधी," दिन्या म्हणाला. "बुलेट विकली तेव्हा तिला काही बोललो नाही. आठ दिवसांनी वॉचमन मला म्हणतो, साहेब, तुमची मुलगी रोज संध्याकाळी येऊन विचारते, चोर सापडला का."

सर काही क्षण बोलले नाहीत.

"तिला वाटलं गाडी चोरीला गेली आणि आम्ही तिच्यापासून लपवतोय. रात्री दाराची कडी दोनदा बघायची. मग हिने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मामाचे पैसे द्यायचे होते, म्हणून गाडी दिली. तर म्हणाली, एवढंच?"

"तरीसुद्धा," सर म्हणाले, पण आवाज उतरला होता. "गाडीचं सांगा. व्याजाचे टक्के कशाला सांगायचे?"

"टक्के मी नाही सांगितले, तिनेच विचारले. परवा कॉलेज रोडला चपलांच्या दुकानात गेलो, तर सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणते, बाबा, हे रोख की हप्त्यावर?"

बंड्या हसता हसता ठसकला. सर हसले नाहीत. मला दोघांचंही कळत होतं. माझ्या पोराला आमच्या घरातली ती नोटीस अजून माहीत नाही. पण त्या पंधरा दिवसांत आई-बाबा का बोलत नव्हते, त्याचं त्याने काय गणित मांडलं असेल, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

दिन्याचा फोन वाजला. "हो... हो, दिले सगळ्यांना... अर्धा किलो." मग फोन जरा लांब धरून आमच्याकडे बघत म्हणाला, "पोरगी आहे. विचारतेय, पेढ्यांचे कुठे लिहू, दुधाच्या बाजूला की मागे?"

"दुधाच्या," सर म्हणाले.