चाळीस मिनिटांचं सक्षमीकरण

बुधवारी सकाळी अकरा वाजता. परत लिहिते, बुधवारी, सकाळी अकराला आमच्या वस्तीत आज 'महिला सक्षमीकरण व आर्थिक साक्षरता' झाली. जळगावकरांना वेगळं सांगायला नको की त्या वेळेला आमच्या बाया कुठे असतात. निम्म्या दालमिलमध्ये, उरलेल्यातल्या बऱ्याच चटईच्या कारखान्यात, राहिलेल्या धुण्याभांड्याला. गल्लीत होतं कोण, तर दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण, शाळा बुडवलेली चारपाच पोरं आणि मी. आणि समोर कॉलेजचे तीन सर, एक मॅडम, एकसारखे टीशर्ट घातलेली तीसेक पोरंपोरी आणि बॅनर. बॅनर एवढा लांब की समाजमंदिराच्या ओट्यावर मावेना, मग त्याचं एक टोक माझ्या खिडकीच्या गजाला बांधलं. विचारलं नाही. बांधलं.

दीपप्रज्वलन (वाऱ्याने दिवा दोनदा विझला, फोटो मधल्या वेळात काढला), पाहुण्यांची ओळख, प्रास्ताविक, मग बचतीचं महत्त्व या विषयावर एका सरांचं भाषण. आमचा बचत गट २००६ पासून चालू आहे हो. वीस बायांचा. त्या सरांनी मला विचारलं की तुम्ही महिन्याला थोडी तरी बचत करता का? मी हो म्हटलं. काय म्हणणार. मग प्रत्येकीला एक पेन आणि एक रोप. आभार. संपलं. मी वरणाचा कुकर उतरवून गेले होते, परत आले तर अजून झाकण उघडत नव्हतं, एवढ्यात सक्षमीकरण आटोपलं.

हेही एक वेळ गिळलं असतं. आपल्याला सवय आहे. पण आमच्या गटातली एक मावशी, दालमिलमध्ये डाळ निवडायला जाते, ती आज खाडा करून आली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, केसाला तेल. तीनशे रुपये रोज बुडवून. मी तिला बोलावलंच नव्हतं, मला माहीत होतं काय होणार ते, पण तिला कोणीतरी सांगितलं की कॉलेजची पोरं हिशेबाचं शिकवायला येणार आहेत. कार्यक्रम संपल्यावर ती रोप हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माले वाटनं ती पाळधीनी पोर उनी व्हई." (मला वाटलं ती पाळधीची पोर आली असेल.)

तिथे माझं डोकं फिरलं. म्हणजे आधी डोळ्यात पाणी आलं, मग फिरलं.

पाळधी म्हणजे जळगावजवळचं गाव. तिथली ही पोर कोण ते सांगते. २०११ ची गोष्ट. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, कॉलेजने कसलातरी प्रकल्प दिला होता, एखाद्या बचत गटाला भेट द्या आणि दहा पानं लिहा. बाकीची पोरं एकदा आली, माझ्याकडून माहिती उतरवून घेतली आणि गेली. ही एकटी म्हणाली, "काकू, मीटिंग कधी असते?" मी म्हटलं गुरुवारी संध्याकाळी सातला, बाया कामावरून आल्या की. ती सातला आली. पुढच्या गुरुवारीही आली. दहा पानं कधीच लिहून झाली असतील पण ती येत राहिली, जवळजवळ दोन वर्षं.

आणि तिने माझी चूक पकडली. हो, माझी. गटाची खातेवही माझ्या अक्षरात असायची, सचिव मीच. एक दिवस वही उघडून बसली होती, बराच वेळ काही बोलली नाही, मग पेन्सिलीचं टोक एका ओळीवर ठेवून हळूच म्हणाली, "काकू, यांचं व्याज दर महिन्याला १२० च कसं?" दालमिलवाल्या मावशीने ६००० रुपये घेतले होते, शेकडा दोन रुपये व्याज, महिन्याला ५०० मुद्दल परत. पहिल्या महिन्याला १२० बरोबर. पण दुसऱ्या महिन्याला मुद्दल ५५०० राहिलं तर व्याज ११० व्हायला पाहिजे, मग १००, मग ९०, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला १०. मी आपली बाराही महिने १२० लिहीत गेले. व्हायला पाहिजे होते ७८०, मी घेतले १४४०. मावशीचे ६६० रुपये जास्तीचे. आणि अशा अजून चार बाया निघाल्या.

मला घाम फुटला. पोरीने तो कागद कोणाला दाखवला नाही. म्हणाली, पुढच्या मीटिंगमध्ये तुम्हीच सांगा, मी बाजूला बसते. मी सांगितलं, गटाने ठराव करून सगळ्यांचे पैसे परत केले, आणि मावशी मला काय म्हणाली तर "जाऊ दे व माय." एवढंच. आजपर्यंत मला त्या ६६० वरून कोणी टोमणा मारलेला नाही, मीच मला मारते.

आता सांगा, आर्थिक साक्षरता कशाला म्हणायचं? बॅनर लागला होता का त्या दिवशी? ट्यूबलाइटखाली सतरंजी होती आणि कळण्याची भाकरी नि ठेचा होता, कारण पोरगी कॉलेज करून उपाशीच यायची.

बरं मला हे काम काही नवं नाही. मी स्वतः एनएसएसची, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची. घमेली वाहिलीत, शोषखड्डे खणलेत, शिबिरात रात्री गाणी म्हटलीत. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या शताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार पोरांना घेऊन ही योजना सुरू झाली, हे आम्हाला दर वर्षी त्या दिवशी भाषणात ऐकावंच लागायचं म्हणून तोंडपाठ आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, वर सात दिवसांचं शिबिर. पण शिबिर नेहमी खेड्यात. कॉलेजांना गावांशी जोडणारं उन्नत भारत अभियान आलं, तेही खेड्यांसाठीच. खेड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझं माहेर खेड्यातलंच. पण खेड्यात निदान सरपंच असतो, ग्रामपंचायत असते, आलेल्यांना विचारणारं कोणीतरी असतं की काय करणार, किती दिवस करणार. आमच्या शहरातल्या वस्तीला कोण? कॉलेजपासून रिक्षाने दहा मिनिटं, म्हणून सगळ्यांना सोयीची. सकाळी या, दुपारच्या तासाला परत. म्हणून आमच्याकडे जास्त येतात आणि कमी थांबतात.

आणि तो शब्द. दत्तक. बॅनरवर मोठ्या अक्षरात, "दत्तक वस्ती". अहो आम्हाला आईबाप नाहीत का? दत्तक घेतलेल्या लेकराला निदान घरी तरी नेतात, जेवायला घालतात, आडनाव देतात. आम्हाला फक्त आडनाव दिलं.

करार पण झालाय बरं का. सामंजस्य करार, तीन वर्षांपूर्वी, पाच वर्षांसाठी. एका बाजूला प्राचार्यांची सही, दुसऱ्या बाजूला माझी, गटाचा शिक्का, फाइल दोघांनी धरून फोटो. 'परस्पर सहकार्य' असं लिहिलेलं मी सही करताना वाचलं. त्याची कॉपी आजपर्यंत मिळालेली नाही. चारदा मागितली. ऑफिसात आहे, मॅडम रजेवर आहेत, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइलला लावली आहे. तिसऱ्यांदा तर मला म्हणाले, "तुम्हाला काय करायचीय?" मला काय करायचीय! सही माझी, शिक्का माझ्या पर्समध्ये असतो.

सगळं त्या नॅकसाठी चाललंय हे शेंबड्या पोरालाही कळतं. समिती येणार, विस्तारकार्याला मार्क असतात, म्हणून फोटो पाहिजेत. ठीक आहे. मान्य. मार्क मिळाले तर कॉलेजचं भलं होईल, आमचीच पोरं तिथे शिकतात, माझा पुतण्या तिथेच आहे (तो हे वाचत असेल तर घरी बोलू). पण मग अकरालाच का? सातला फोटो येत नाही का? फ्लॅश आहे ना मोबाइलला?

...

इथपर्यंत टाइप केलं आणि फोन आला. त्यांच्यातल्याच एका सरांचा. "ताई, आज उपस्थिती पत्रकावर अकराच सह्या झाल्यात, पन्नास पाहिजे होत्या. संध्याकाळी बाया आल्या की घ्याल का? मी कोरं पत्रक पाठवतो." मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, सासूबाई फेसबुकवर आहेत.

पण तो पोरगा, पोरगाच म्हणते, तिशीचा असेल, ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, ताई मी तासिका तत्त्वावर आहे, माझं मानधन चार महिन्यांपासून अडकलंय, मला सांगितलं पन्नास सह्या आण, मी काय करू. आता काय बोलायचं? त्याचाही खाडाच की. दालमिलवाल्या मावशीचा आज पडला, याचा चार महिने पडतोय, आणि बॅनरचे पैसे मात्र रोख दिले असतील. सह्या मी देणार नाही, हे त्याला सांगितलं. जेवलास का तेही विचारलं. आपण असेच.

आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती मला मान्य करावी लागली, मनातून नको होती तरी. म्हणाला, ताई, सातला पोरं थांबवायची कशी? निम्मी धरणगाव, पाचोरा, यावल, असोद्याकडून पासवर येतात, एसटी चुकली की रात्र स्टँडवर, आणि पोरींचे आईबाप तर मलाच धरतील. खरं आहे. अगदी खरं आहे.

पण मग पाळधीची पोर कशी येत होती? तिचा बाप यायचा न्यायला. हे मी सांगितलंच नाही की. शेतकरी माणूस, गाडीला भाजीची पिशवी अडकवलेली, साडेसातपासून ओट्यावर येऊन बसायचा. पहिले दोन गुरुवार आत डोकावला पण नाही, बायांच्यात कसं यावं म्हणून. मग कोणीतरी चहा नेऊन दिला. मग थंडीत आम्ही त्याला समाजमंदिराच्या आत बसवला. शेवटी शेवटी तर बाया त्यालाच विचारायच्या की दादा, गवार काय भाव गेली. मिटिंग लांबली तर तो घड्याळ बघायचा नाही, वांगी निवडत बसायचा. त्या पोरीच्या दोन वर्षांच्या कामात त्या माणसाचं पेट्रोल आहे, आणि ते कुठल्याच अहवालात आलं नाही.

म्हणजे होतं. जमतं. प्रत्येक पोरीला असा बाप नसतो हे कळतं मला, पण कॉलेजकडे बस असते ना, सहलीला निघते ती? महिन्यातून दोन गुरुवार काढा. तीस पोरं नकोत, तीन द्या. नव्या शैक्षणिक धोरणात आता सामाजिक सहभागाला क्रेडिट आहेत, प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे तीस तास. तीस तास! चाळीस मिनिटांनी भागून बघा, पंचेचाळीस वेळा दीपप्रज्वलन करावं लागेल. त्यापेक्षा पंधरा गुरुवार दोन दोन तास येऊन बसा की. कॉमर्सवाल्यांनी वही तपासा. केमिस्ट्रीवाल्यांनी आमच्या नळाचं पाणी बाटलीत नेऊन तपासून द्या, पावसाळ्यात ते कसलं येतं ते मी फोटोत दाखवू शकत नाही, वास येत नाही फोटोला. लॉ कॉलेजच्या पोरांना तर काम संपणार नाही, रेशनकार्डातली नावं, जातीचे दाखले, पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा मागतात, कुठून आणायचा.

मोठ्या गावांत झालंय हे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, आणि १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर, तो पण तिथलाच, १९९६ चा प्रयोग. म्हणाल ती मुंबई, ती टाटा. असेल. पण आमची पाळधीची पोर काही टाटाची नव्हती.

आणि आपल्या विद्यापीठाला नाव कोणाचं आहे हो? २०१८ साली केवढ्या कौतुकाने दिलं आपण बहिणाबाईंचं. असोद्याची लेक, शाळेची पायरी न चढलेली बाई. तिच्यासाठी कोणी शिबिर नव्हतं घेतलं. ती कामाच्या नादात म्हणत गेली आणि लेकाने, सोपानदेवांनी, कागद घेऊन उतरवून घेतलं. तिच्या वेळेला. तिचं जातं बंद करून नाही.

जाऊ दे. फार झालं. दहा वाजले, राग पण आता भाकरीसारखा गार झालाय.

पाळधीची पोर आता नाशिकला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवाळीला फोन करते, पहिला प्रश्न "वही कोण लिहितं?" आता मावशीची सून लिहिते, व्याज उतरतं लिहिते, मी फक्त सही करते. आजचं तिला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर पुढच्या गुरुवारी गाडीत बसून येईल, तिचा काही भरवसा नाही.

त्या तासिकावाल्या सरांना मी उद्याचं जेवायचं निमंत्रण दिलंय, गुरुवार आहे, सातला मीटिंग, भरीत करणार आहे. एकट्याने या म्हटलं, पत्रक आणू नका. येतो म्हणाला. बघू. येताना कराराची झेरॉक्स पण आणायला सांगितलीय, त्यावर मात्र नुसतं हं म्हणाला.

आणि मावशी संध्याकाळी रोप घेऊन परत माझ्याच दारात आली, "हाई झाड आते मी कोठे लावू व?" तिच्या दारासमोर गटार आहे, मागे भिंत. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात लावलंय सध्या, माझ्या ओट्यावर, फोटो खाली टाकते. कसलं झाड आहे ते देणाऱ्यांपैकी कोणालाच सांगता आलं नाही. पानं लांबट आहेत, कडेला बारीक दाते आहेत. कोणी ओळखलं तर कमेंटमध्ये सांगा, मोठं होणारं असेल तर डबा लवकर बदलावा लागेल.