तळपायाची तपासणी

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका परवा रविवारी सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती द्यायला आमच्याकडे आले, रीतीप्रमाणे दारात चपला काढून आत शिरले, चार पावले चालले, थबकले, भिंतीला हात टेकवून त्यांनी उजवा पाय उचलला, तळवा वळवून बारकाईने न्याहाळला आणि एक शब्दही न बोलता दाराशी परत जाऊन, चपला पायांत घालून पुन्हा आत आले. चपला घालून कोणाच्या घरात शिरू नये, कारण त्याने घर खराब होते, हे मला लहानपणापासून शिकवले गेले आहे. घराने पाय खराब होऊ नयेत म्हणून चपला घालणारा माणूस मात्र मी प्रथमच पाहिला. फरशी मी त्याच सकाळी पुसली होती. तसे सांगायला मी तोंड उघडलेही. पण बादली अजून हॉलच्या मध्यभागीच होती आणि तिच्यातल्या पाण्याचा रंग पाहता तो पुरावा माझ्या बाजूचा मानावा की विरुद्ध बाजूचा, हे मला ठरवता येईना.

कोथरूडमधल्या या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही तिघे राहतो. तिघांच्या अविवाहित असण्याची कारणे निरनिराळी आहेत, केर मात्र सामाईक आहे.

काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत. त्यांनी खुर्चीवर बैठक मारली, दोन्ही पाय चपलांसकट जमिनीपासून वीतभर वर धरले आणि चौकशी सुरू केली.

‘‘फरशी कशाने पुसतोस?’’

‘‘फडक्याने.’’

‘‘फडक्याने सगळेच पुसतात. पाण्यात काय घालतोस?’’

‘‘फिनेल.’’

‘‘किती?’’

‘‘अंदाजाने.’’

‘‘अंदाजाने!’’ काका म्हणाले आणि एखादा पूल अंदाजाने बांधला गेल्याची बातमी त्यांना आताच कळली असावी, असे मला वाटले. त्यानंतर त्यांनी मला जे सांगितले ते दुर्दैवाने खरे होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. फिनेल किंवा साबण गरजेपेक्षा जास्त घातला, की फरशीवर त्याचा चिकट पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ आणखी घट्ट बसते. पाणी प्रत्येक खोलीला बदलावे. पुसताना आतल्या कोपऱ्याकडून दाराकडे मागे मागे सरकत यावे, म्हणजे आपल्याच पायांचे ठसे आपल्याला पुन्हा पुसावे लागत नाहीत.

‘‘पंखा लावून पुसतोस?’’

‘‘हो, लवकर वाळते.’’

‘‘आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ कुठे जाते? ओल्या फरशीवर. अरे, इमारत खालून वर बांधतात आणि वरून खाली झाडतात. आधी जाळ्या, मग पंखा, मग कपाटे, शेवटी फरशी. एवढा साधा क्रम आहे.’’

हे सगळे ऐकताना मला काकांविषयी आदर वाटू लागला होता आणि त्याच भरात मी विचारले, ‘‘काका, तुमच्याकडे फरशी तुम्हीच पुसता वाटते?’’

काकांचे पाय एकदम खाली आले. मी त्यांना नऊवारी नेसायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले. ‘‘मी?’’ ते म्हणाले. ‘‘मी कशाला? आमच्याकडे ते सगळे ही बघते.’’

मग ते पावतीवर माझी सही घेऊन निघाले आणि बाहेर पडताना आमच्याच पायपुसण्यावर त्यांनी चपलांचे तळ खरवडून पुसले. आत येताना नव्हे, बाहेर जाताना!

वास्तविक निम्मा दोष त्या फरशीचाच आहे. पूर्वी या घरात मोझेकच्या लाद्या होत्या, ज्यांत संगमरवराचे रंगीबेरंगी खडे असत आणि ज्यांच्यावर सांडलेला चिवडा दोन दिवस नक्षी म्हणून खपून जात असे. आम्ही येण्यापूर्वी घरमालकाने त्या उखडून दुधासारख्या पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या आणि भाडे वाढवले. या टाइल्समध्ये पाणी अर्धा टक्कासुद्धा मुरत नाही. ही त्यांची जाहिरात आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की बादलीतले जे काही आपण पसरवू, ते सारे वरच राहते आणि वाळल्यावर पट्ट्यापट्ट्यांनी साक्ष देते. त्यातून उन्हाळ्यात टँकर येतो. त्या जड पाण्यातले क्षार वाळले, की फरशी पुसण्याआधी बरी होती असे वाटू लागते. माझ्या आजोळी शहाबादी फरशी होती. तिचा मूळचाच रंग मातकट राखाडी असल्याने तिने आणि धुळीने एकमेकींशी कधीच जमवून घेतले होते. ज्याने घर भाड्याने द्यायचे आहे त्याने शहाबादीच बसवावी, असा कायदा व्हायला हवा.

पांढऱ्या फरशीवर दिसते ते प्रामुख्याने केस. निरोगी माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात आणि ते अगदी स्वाभाविक असते. तिघांचे म्हणजे दिवसाला तीनशेपर्यंत झाले. अर्थात अलीकडे माझा वाटा घटत चालला आहे. घर स्वच्छ ठेवण्यासाठी मी केलेला हा सर्वांत भरीव त्याग आहे, पण त्याची दखल कोणी घेत नाही.

झाडूचीही एक कथाच आहे. मेघालयाच्या डोंगरांतले गवत देशभर फुलझाडू होऊन फिरते. नवा झाडू घरात आणला, की पहिले काही दिवस तो केर काढत नाही, स्वतःचाच भुसा सांडतो. तो भुसा झाडायला जुना झाडू लागतो, आणि तो तर आपण नवा आणला म्हणून टाकून दिलेला असतो.

शिवाय झाडायचे कधी, हा प्रश्न राहतोच. सकाळी आठला घर सोडणारा माणूस रात्री साडेआठला परततो आणि दिवेलागणीनंतर केर काढला तर लक्ष्मी जाते, असे काकांच्या घरातून आम्हाला कळवण्यात आले आहे. आमच्याकडे लक्ष्मी महिन्याच्या एक तारखेला येते आणि पाच तारखेला घरमालकाकडे निघून जाते. यात झाडूचा काहीही हात नाही. तरीही एका रात्री पलंग सरकवून खालचा केर काढला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर ‘भाडेकरूंनी रात्री फर्निचर हलवू नये’ असा कागद लागला. दिवसा झाडायला आम्ही घरी नसतो, रात्री झाडले तर शांततेचा भंग होतो आणि न झाडले तर अविवाहितांना घर देऊ नये, हा ठराव पुढच्या सभेत येतो.

ही चिडचिड मी गमतीने लिहीत आहे, पण ती मुळात गमतीची नाही. शेजारची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेल्यापासून सबंध सोसायटीत सिमेंटची धूळ येते आहे. ती कोणाच्या घरात शिरण्यापूर्वी दारावरच्या पाटीवर घरातल्या माणसांची वैवाहिक स्थिती वाचत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या फरशीवर पाव चिरडलेला असतो, भिंतीवर खडूने रेल्वे काढलेली असते आणि येणारा-जाणारा कौतुकाने म्हणतो, ‘‘काय करणार, लहान मूल आहे घरात.’’ आमच्याकडे लहान मूल नाही, हाच आमचा गुन्हा आहे. आम्ही दुप्पट अनामत भरली, पाहुण्यांच्या बाबतीतल्या अटी मान्य केल्या आणि शिवाय फरशीही स्वतः, गुडघ्यांवर बसून पुसतो. संपूर्ण इमारतीत हे काम करणारे पुरुष बहुधा आम्हीच. तरी परीक्षा आमचीच आणि परीक्षक ते, ज्यांनी फडके कधी पिळलेले नाही.

शेवटी बाई लावायचे ठरले. काकांकडे काम करणाऱ्या मावशी ‘बायामाणूस नसलेल्या घरात’ यायला आधी तयार नव्हत्या, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. परंतु दार उघडे ठेवायचे आणि आमच्यापैकी दोघांनी बाहेर थांबायचे, या बोलीवर त्या एकदा घर पाहून गेल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की काकांकडे त्या फरशी पुसतात तेव्हा काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात आणि राहिलेले कोपरे बोटाने दाखवतात. काका तेवढा वेळ गॅलरीत पेपर वाचतात.

पगार ठरला, वेळ ठरली, महिन्याच्या सुट्ट्या ठरल्या. मावशींनी पदर खोचला, पलंगाखाली वाकून एकदा पाहिले आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

‘‘दादा, येते मी सोमवारपासून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण मी यायच्या आधी तुम्ही एकदा झाडून-पुसून ठेवत जा. एवढ्या केरात मला काम करायला जमायचं नाही.’’

आम्ही तिघांनीही मान हलवली आणि पहिल्या महिन्याचा निम्मा पगार आगाऊ दिला.