तुरीच्या डाळीनं कंपवात होत नाही, मामा

मंगळवारी दुपारी उदगीरहून मामींचा फोन आला. मामा उंबरठ्यापाशी पाय चिकटल्यासारखे उभे होते, पाऊल पुढं पडेना. सदऱ्याची बटणं दोन दिवसांपासून मामीच लावत होत्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं की चार दिवस मामांच्या कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, गोळ्या बंद आहेत आणि घरात वरण शिजलेलं नाही. मामा फोनवर आले. "अगं माय, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय मनं. डाळीनं पेशीत थेंब होऊलालेत."

तो मेसेज असा:

'जगाला हादरवणारा शोध! डाळींतील जड प्रथिनांमुळे पेशीतील प्रथिने विस्कळीत होतात. त्यांना पाणी सुटून पेशीत थेंब साचतात. हेच कंपवाताचे मूळ! या शोधाला नोबेल मिळाले आहे. एरंडेल व खाजकुयलीचे चूर्ण कोमट पाण्यातून घ्या, सात दिवसांत थेंब विरघळतात. इंग्रजी गोळ्यांनी थेंब घट्ट होतात, त्या ताबडतोब बंद करा.'

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. लातुरात, दालमिलच्या गावात, तुरीला आरोपी करणारा हा मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा खाली हात जोडलेले होते. म्हणून हे लिहिणं आलं.

नोबेल नाही मिळालेलं. पेशीतले थेंब शोधणाऱ्या अँथनी हायमन आणि क्लिफर्ड ब्रँगविन या शास्त्रज्ञांना २०२३ चा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला. पुढं.

आता डाळ. खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं मेंदूत जाऊन बसत नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे तुकडे होऊन शेवटी अमिनो आम्लं उरतात. पेशी ती घेते आणि स्वतःच्या जनुकांप्रमाणे स्वतःची प्रथिनं विणते. कंपवातात ज्याच्या गाठी मेंदूत सापडतात ते अल्फा-सिन्युक्लिन १४० अमिनो आम्लांचं, आपल्याच चेतापेशींनी बनवलेलं. तुरीनं पाठवलेलं नव्हे. नाहीतर वरणभातावर वाढलेला सगळा मराठवाडा एव्हाना थरथरत असता.

सगळा घोळ 'विस्कळीत' या शब्दानं घातलाय. मेसेज लिहिणाऱ्याला वाटलं, विस्कळीत म्हणजे बिघडलेलं. बरीच प्रथिनं घडी पडून एका ठराविक आकारात बसतात, हे खरं. पण माणसाच्या प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश प्रथिनांत असे लांब पट्टे असतात ज्यांना ठराविक आकारच नसतो. ते जन्मापासून तसेच, निरोगी माणसातही. त्या मोकळ्या साखळीवर जागोजागी किंचित चिकटणाऱ्या जागा असतात. एकेक पकड कच्ची, धरली की सुटते, सुटली की दुसरीकडं धरते. अशा पुष्कळ साखळ्या एकत्र आल्या की त्यांचा थेंब होतो. आठवडी बाजारात मिरचीवाले एका बाजूला बसतात, मधे भिंत नसते, माणसं येत-जात राहतात, तरी मिरची कुठं मिळते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेशीतला थेंब तसा. भोवती पटल नाही, पण आतलं काम ठरलेलं.

हे हायमन-ब्रँगविन यांना २००९ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला दिसलं, मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीच्या भ्रूणात. त्यातले कण घट्ट गोळे असतील असा समज होता. पण दोन कण भिडले की एक होऊन पुन्हा गोल व्हायचे, केंद्रकावर ओघळायचे. येसर आमटीवरचे तेलाचे दोन थेंब चमच्यानं जवळ ढकलून बघा, तसंच. तुमच्या-माझ्या पेशींच्या केंद्रकात दिसणारी केंद्रिकाही असाच थेंब आहे. तिथं रायबोसोम घडतात, म्हणजे प्रथिनं विणणारी यंत्रं. काही थेंब तर संकटापुरतेच असतात. टोमॅटोच्या पेशींना जास्त उष्णता दिली की आत असे कण जमतात, ताप सरला की विरतात. १९८३ सालीच त्यांचं वर्णन झालंय. एरंडेलानं खरोखर सगळे थेंब विरघळले असते तर मामांच्या पेशींतला रायबोसोमचा कारखानाच बंद पडला असता. नशीब, एरंडेलानं फक्त पोट साफ होतं.

थोडं खरं आहे त्यात, मान्य करते. थेंबांचा आणि कंपवाताचा संबंध शोधला जातोय आणि त्यातलं मोठं काम आपल्या पवईतलं आहे. आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटानं २०२० मध्ये दाखवलं की परीक्षानळीत अल्फा-सिन्युक्लिनचे आधी पातळ थेंब होतात आणि वेळ जाईल तसे ते थिजत जाऊन आत तंतू तयार होतात. कंपवाताशी जोडलेल्या काही जनुकीय बदलांनी हे आणखी सहज घडतं. दोष थेंब होण्यात नाही, थेंब थिजण्यात आहे. आणि तूप थिजलं तर चुलीजवळ ठेवून पातळ होतं, हे तंतू तसे सहज परत फिरत नाहीत. जिवंत मेंदूत हे नेमकं कितपत असंच घडतं यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत. त्या शोधनिबंधात डाळ नाही, एरंडेल नाही. मामांना मी तोच उघडून दाखवला. कळला नाही, पण पवईचं नाव वाचून जरा नरमले.

मेसेजची शेवटची ओळ मात्र जिवावरची आहे. मामा घेतात ती लेव्होडोपाची गोळी थेंब घट्ट करत नाही. विरघळवतही नाही, रोग बराही करत नाही. मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचालीचा निरोप नेणारं द्रव्य, कमी पडतं, त्याची भर ती घालते, म्हणून पाऊल उचलतं, बटण लागतं. ती एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं ताठ होऊन जबर ताप चढू शकतो, जीवही जाऊ शकतो. आणि विनोद बघा, मेसेजमधल्या खाजकुयलीच्या बियांत हीच लेव्होडोपा असते! दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ती त्या बियांतून वेगळी काढली होती. म्हणजे इंग्रजी गोळीला शिव्या देऊन तेच द्रव्य चमच्यानं, मोजमाप न करता घ्यायचं. गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं तर किती पोटात गेलं हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

डाळीबाबत आणखी एक कबुली, नाइलाजानं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेनं आत शिरतात, तिथं गर्दी होते. भरपेट वरणाबरोबर गोळी घेतली तर काही जणांना तिचा गुण कमी येतो. त्यासाठी डाळ सोडायची नसते, वेळ बदलायची असते. मामांच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी कॅलेंडरच्या मागं सापडली.

गोळ्या परत कशा सुरू करायच्या ते मामींनी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं. आता स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलंय: गोळी साडेबारा, जेवण एक. मामांनी तो मेसेज ज्या अकरा जणांना पाठवला होता त्यांची यादी मी मागितलीय. सात नावं आली, चार जण कोण ते त्यांना आठवेना.