जीआयएस हवंच, पण ओढ्याचा इतिहास कोण वाचणार?

पर्यावरण धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात इतिहास, समाजशास्त्र वगैरे विषय ‘ऐच्छिक ठेवले तरी बिघडत नाही, नोकरी जीआयएसवरच (संगणकावर नकाशे करण्याच्या तंत्रावरच) मिळते’ हे एका लेखातलं विधान पटलं नाही. नोकरीचं खरं आहे, मी स्वतः नियोजनातली पदवी घेऊन नकाशे काढतच पोट भरते. पण पुण्यातल्या आंबील ओढ्याचंच बघा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो घराघरांत शिरला, माणसं गेली. आजच्या नकाशावर ती एक निळी रेघ दिसते, बस्स. हाच ओढा पेशवाईत वळवला गेला, पर्वतीच्या पायथ्याशी त्याच्या पाण्यावर तळं झालं आणि पुढे ते बुजून तिथे सारसबाग आली, हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. त्यासाठी जुने कागद वाचता यावे लागतात. (मोडी येणारा एक जण आमच्या वर्गात होता. सगळे त्याला हसायचे, आणि प्रबंधाच्या वेळी त्याच्याच मागे लागले.)

पूररेषेचंही तसंच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाची, इतकं कुणीही पाठ करेल. रेषेच्या आत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना उठवून शहराच्या कुठल्या टोकाला पाठवायचं आणि त्यांच्या धुण्याभांड्यांच्या कामांचं काय, हा प्रश्न कुठल्या पेपरात विचारतात? आमच्या वेळी तरी कुठल्याच नाही. लेखकाने एकदा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत चक्कर मारावी, मग ‘ऐच्छिक’ काय ते ठरवू.