ग्रँटच्या वाटेला जाऊ नका म्हणणाऱ्यांना

इतिहासाचं वेड असलेल्या माणसाला अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचं चरित्र सुचवायचं म्हटलं की ठरलेला सल्ला येतो: लिंकन वाचा, युलिसिस ग्रँटच्या वाटेला जाऊ नका. ग्रँट म्हणजे गुलामीवरून पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धात बंडखोर दक्षिणेला हरवणारा उत्तरेचा सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष. तो दारुडा, स्वतःच्या सैनिकांचा खाटीक, भ्रष्ट. आणि त्याच्या नावावरच्या ज्या छापील आठवणींचं कौतुक होतं त्याही लेखक मार्क ट्वेनने लिहून दिलेल्या. मी नेमका ग्रँटच सुचवतो, चरित्रकार रॉन चेर्नोने २०१७ साली लिहिलेला.

दारूचं आधी उरकू. ती होतीच. चेर्नो झाकत नाही. व्यसनाशी चाललेली झुंज त्याने पुस्तकभर दाखवली आहे. दारूपायी ग्रँट कुठली लढाई हरला, असं विचारलं की मात्र मंडळी गप्प.

खाटीक? व्हर्जिनियातल्या कोल्ड हार्बरचा १८६४चा हल्ला भीषण होता, त्याची खंत खुद्द ग्रँटने लिहून ठेवली आहे. पण नुसती माणसं झोकून देणाऱ्याला मिसिसिपी नदीकाठचं विक्सबर्ग घेणं जमलं नसतं. शहराच्या दक्षिणेला मिसिसिपी ओलांडून तो मागून आला, वेढा घातला आणि ४ जुलै १८६३ला जवळपास तीस हजारांची फौज शरण आणली. हरलेल्या दक्षिणेला पुढे आपला सेनापती ली संत म्हणून हवा होता. मग ग्रँट खाटीक ठरणं ओघानेच आलं.

भ्रष्टाचाराच्या आरोपात तथ्य आहे, पण अर्धंच. व्हिस्कीवरच्या कराच्या लुटीत त्याचा सचिव बॅबकॉक अडकला आणि ग्रँटने त्याच्या बाजूने साक्ष दिली. माणसं पारखण्यात तो कच्चाच. स्वतः मात्र खाल्लं नाही. १८८४मध्ये भागीदाराने बुडवल्यावर हाती जेमतेम काही उरलं. आणि घोटाळ्यांच्या यादीत जे झाकलं जातं तेच खरं वाचण्यासारखं आहे. लिंकनची गोष्ट एप्रिल १८६५ला त्याच्या खुनापाशी थांबते. गुलामीतून सुटलेल्या चाळीस लाख लोकांचं पुढे काय झालं? त्यांना धमकावणाऱ्या, ठार मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेविरुद्ध ग्रँटने १८७१मध्ये कायदा करवून घेतला, साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा हक्क, स्थगित केला आणि शेकडो जणांना कोर्टात उभं केलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा तिथे राष्ट्राध्यक्ष हाच होता.

राहिला ट्वेन. तो प्रकाशक होता, लेखक नव्हे. गंमत म्हणजे १८८५मध्ये पहिली आवई उठली ती ट्वेनच्या नावाने नव्हेच, ग्रँटचा जुना सहकारी बॅडो याच्या नावाने, आणि ग्रँटने हयातीतच ती खोडून काढली. घशाच्या कर्करोगाने आवाज गेला तरी तो लिहीत राहिला. ग्रँटच्या अक्षरातलं हस्तलिखित आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

मग थेट आठवणीच का नकोत? कारण त्या युद्धापाशीच संपतात, राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार त्यांत नाही. चेर्नोचा ग्रंथ हजार पानांच्या आसपास जातो आणि नायकावर जरा जास्तच माया करतो. लढाया ग्रँटच्याच शब्दांत वाचायच्या असतील तर तेवढ्यापुरत्या आठवणी घ्या, आणि १८६५नंतरसाठी चेर्नोकडे या.